पानाबाहेरचा घास

आधी बाईंचं सांगतो. मांजराचं मागाहून.

बाई म्हणजे नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. जन्मभर मुलींना गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून जिना उतरणं म्हणजे त्यांना गड उतरण्यासारखं. मी त्यांचा कोणी लागत नाही. मी डबा पोचवणारा. चंद्रपूरकडून आलेला, आठवीतून शाळा सुटलेला, सकाळी मेसमध्ये कणीक तिंबून पोळ्या लाटायच्या आणि मग सायकलला डबे लटकवून पेठांमधून फिरायचं, हे माझं काम. मी त्यांच्यासाठी काय केलं? आमटी सांडू न देता वर पोचवली, एवढंच. आणि त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते लिहायला बसलो तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. पण लिहून ठेवलं पाहिजे. माणूस विसरतो, आणि उपकार तर सगळ्यात आधी विसरतो.

बाईंच्या समोरच्या दारात एक आजोबा राहायचे. एकटेच. त्यांचाही डबा माझ्याकडेच होता. बेल वाजवली की दार अर्धंच उघडायचं आणि त्यांच्या धोतराला घासून एक मांजर बाहेर डोकवायचं. पांढरं, पाठीवर भुरकट ठिपके, आणि अंगानं असं गुबगुबीत की मला वाटायचं, पुण्यातली मांजरंसुद्धा खाऊनपिऊन सुखी असतात. आजोबांनी तिला नाव ठेवलं नव्हतं. "अगं, बाजूला हो. डबा आलाय," असं म्हणायचे. बायकोला हाक मारावी तसं नुसतं 'अगं'. मी डबा द्यायचो, संध्याकाळी रिकामा न्यायचो. मधल्या वेळात त्या दाराआड काय होत होतं, मला कधी दिसलं नाही.

आजोबा हिवाळ्यात गेले. दवाखान्यातच गेले. पुतण्या आला, सामान आवरलं, कुलूप लावलं आणि जाता जाता मला म्हणाला, "मांजर खाली सोडून द्या. पेठेत काय, जगतात."

मी संध्याकाळी बाईंचा रिकामा डबा घ्यायला गेलो तर ती कुलपाखाली बसली होती. दाराकडे तोंड करून. मला काय झालं कोण जाणे, डब्यांची रेक्झीनची पिशवी रिकामी केली आणि तिला आत घालायला लागलो. बाई दारात उभ्या होत्या.

"अहो डबेवाले, भाजी आहे का ती? पिशवीत कोंबताय ते?"

"नेतो घरी, बाई."

"घरी म्हणजे कुठं? तुमचंच धड घर नाही म्हणता ना?"

खरं होतं. कर्वेनगरमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली, तेवढंच माझं. खाली सगळी कॉलेजची पोरं भाड्यानं राहतात. त्यांच्या हसण्याखिदळण्याचा आवाज वर येतो, माणूस कुणी येत नाही. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, पण मी परतलो काय नि न परतलो काय, कुणाला काही फरक पडत नव्हता. माझ्या दाराशी कुणीतरी बसावं, एवढंच मला हवं होतं.  बाई आत गेल्या, झाकणाची एक वेताची टोपली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "परत आणून द्यायची. धुऊन."

सुरुवातीला ती वाटीतलं दूध तेवढं चाटायची आणि पलंगाखाली जायची. मला वाटलं, दुःख आहे, जाईल. पण मग पाहिलं तर बादलीला धडकते. दिवसाउजेडी. दारातून बाहेर पडताना चौकटीला डोकं लागतं. मी घाबरलो. मी घाबरणाराच माणूस आहे. सायकलची चेन करकरली तरी मला वाटतं आता नोकरी गेली. तिला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी बॅटरीनं डोळे पाहिले, पोट दाबलं. "आधी काय खायची?"

"दूध-पोळी. वरणभात, तूप. कधी श्रीखंड, म्हणे. आजोबा शाकाहारी होते."

"आजोबा असतील. ही नाहीये." डॉक्टर म्हणाल्या. "दिसायला गुबगुबीत आहे, पण आतून उपाशी आहे ती. वर्षानुवर्षं. मांजराला मांस लागतंच. नाही मिळालं तर आधी डोळे जातात, मग हृदय."

मी विचारलं, दुकानात पाकिटं मिळतात तसलं काही घ्यावं लागेल का. माझ्या चेहऱ्यावर जे लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं असावं. म्हणाल्या, रोज पाकीट नको. कोंबडी उकडा, मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते मांजराला विष. मांस सोडवून द्या, त्यात थोडी कलेजी, थोडीच, आणि मधूनमधून उकडलेलं अंडं. शिवाय एक पावडर लिहून दिली, चिमूटभर त्यात मिसळायला. आणि बजावून सांगितलं, "एकदम बदलू नका. तिचं जे जुनं आहे त्यातच रोज थोडं थोडं नवं मिसळा. हळूहळू."

ते 'हळूहळू' मी ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं. पण डोक्यात एकच घुमत होतं, डोळे जातात, मग हृदय. ज्याला आग लागलेली दिसते तो हळूहळू पाणी टाकतो का?

त्याच संध्याकाळी कोंबडीच्या दुकानातून माना आणि पाठीचे तुकडे आणले, स्वस्त पडतात, आणि थोडी कलेजी. आमच्याकडे कोंबडीचा रस्सा असा असतो की नाकाडोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. मी पहिल्यांदाच नुसत्या पाण्यात कोंबडी शिजवली. वास येईना, रंग येईना. हाडं काढून, बारीक तोडून, पावडर मिसळून वाटीत ठेवली. दूध बंद केलं, त्या दिवसापासून साफ बंद.

तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. आईला फोन लावला. आई गावी एकटीच असते, तिला सगळं सांगतो मी.

"काहून रे बापा," आई म्हणाली, "मांजरीले कोंबडं? आमाले दिवाळीले नाई भेटत न तुही मांजर नाही म्हणते!" आणि खो खो हसली. मग म्हणाली, "तू अंबाडीची भाजी खात नोयता तवा म्या काय केलं होतं? झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी तेच ताट. आपसूक खाल्ली का नाई? भुकेला कोंडा न निजेला धोंडा. भूक लागली का खाते बरोबर."

आमच्या घरात पोरं अशीच वाढली. ताटातलं टाकलं तर कुणी दुसरं करून देत नसे, आणि कुणी मेलंही नाही. म्हणून मला त्यात खोट दिसली नाही. तीच रीत मी मांजराला लावली. सकाळी ताजं ठेवायचं, रात्रीचं उचलायचं, आणि मन घट्ट करायचं. ती पलंगाखालून माझ्याकडे बघायची, किंवा बघते असं मला वाटायचं. तिला किती दिसत होतं देव जाणे. म्हणायचो, "खा गं. तुझ्याच भल्यासाठी आहे." मनात आईचा आवाज, खाते बरोबर.

तिनं खाल्लं नाही. मग ती उठेनाशीच झाली. एके सकाळी हात लावला तर अंग सैल, आणि कानाच्या आतली कातडी पिवळसर. कावीळ झालेल्या माणसाची असते तशी.

आईचं अंबाडीचं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्या. "उपाशी ठेवलंत? अहो, मुलांचं ठीक आहे. माणूस उपास करतो, मांजराला उपास सोसत नाही. चार दिवस पोटात काही नाही गेलं की त्याचं लिव्हर बसायला लागतं. जाड मांजराचं तर आधी." सलाईन दिलं, इंजेक्शन दिलं. मोठ्या दवाखान्यात ठेवून नळीनं भरवता येईल म्हणाल्या, त्याचा खर्चही सांगितला. तेवढे माझ्याकडे नव्हते. शेवटी म्हणाल्या, "काहीही खाऊ दे. दूध-पोळी तर दूध-पोळी. पण स्वतःहून खाल्लं पाहिजे. नाहीतर अवघड आहे."

घरी येऊन दुधात पोळी कुस्करली, वाटी तिच्या नाकाशी धरली. तिनं तेसुद्धा हुंगलं नाही. मान खाली टाकून पडून राहिली. बोटानं ओठाला लावलं तर जिभेनं बाहेर ढकललं.

मी भिंतीला टेकून बसलो. कुलपाखाली बसून राहिली असती तर निदान पेठेतल्या कुणी दूध तरी घातलं असतं. मी उचलून आणलं, औषध म्हणून उपाशी ठेवलं आणि तिला मारायला घेतलं. आजवर माझ्या हातात एकच जीव दिला होता कुणी, आणि तोही मी असा सांभाळला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, कारण जावंच लागतं. डबे मी दिले, पण कुणाला कुठला दिला ते मला ठाऊक नाही. जिना उतरत होतो तेवढ्यात वरून हाक आली.

"अहो डबेवाले! हा माझा डबा नव्हे. कारल्याची भाजी आहे यात. इतकी काही माझ्या हातून पापं झालेली नाहीत."

मी परत वर गेलो. पिशवीत उरलेल्यांतला त्यांचा डबा काढून दिला आणि तिथंच जिन्यावर बसलो.  बाईंनी पाण्याचं भांडं आणून दिलं, उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. गणिताचा पेपर तपासावा तसं ऐकत होत्या. मग एकच विचारलं.

"वाढता कशात?"

"म्हणजे?"

"खायला. कशात घालता?"

"वाटीत. पलंगाजवळ ठेवतो."

"आणि तुम्ही कुठं असता?"

"बाजूला होतो, बाई. बुजू नये म्हणून."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, दूध चाटलं असेल, पण ते मांजर जन्मात वाटीत जेवलेलं नाही. आणि एकटं तर कधीच जेवलेलं नाही. समोरच्यांचं जेवण मी रोज बघत होते, दारं समोरासमोर, दुपारी ते दार उघडंच टाकायचे. पाटावर बसायचे. पान वाढून घ्यायचे, पानाभोवती पाणी फिरवायचे, उजव्या हाताला चित्राहुती घालायचे." माझा चेहरा बघून त्यांनी सांगितलं, "भाताच्या छोट्या छोट्या मुदी हो, पानाबाहेर, जमिनीवर. जेवायच्या आधी देवाधर्माचा वाटा काढून ठेवायचा. ही बया त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकून बसायची. पाणी फिरेपर्यंत हलायची नाही. पाणी फिरलं, ते 'अगं, घे' म्हणाले, की तो वाटा हिचा. मग पुढं दूध-पोळीही तिथंच, पानाबाहेर. शास्त्रीबुवांची मांजर आहे ती. तुमच्यासारख्या वाटी आपटून जाणाऱ्या माणसाकडे ती जेवेल होय?"

आमच्या घरी हे असलं काही नव्हतं. आम्ही ताट घेतलं की जेवलो. मला कुठून कळणार होतं?

"मग मी आज तसं करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. समोरच्या कुलपाकडे बघत राहिल्या. "आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. वासानं मला मळमळतं."  मग म्हणाल्या, "उरलेले डबे किती आहेत?"

"आहेत थोडे."

"आधी ते पोचवा. उपाशी माणसांना मांजराची कारणं सांगू नका. मग रिक्षा घेऊन या. हा माझा डबा बरोबर घेते, त्यात भात आहे."

त्या जिना कशा उतरल्या आणि माझ्या गच्चीचा जिना कशा चढल्या ते मी पाठीनं पाहिलं, कारण त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि प्रत्येक पायरीला तो घट्ट व्हायचा. मध्ये थांबून म्हणाल्या, "लिफ्ट नसलेल्या घरात राहून लिफ्ट नसलेल्या घरी पाहुणी आले. हुशार आहे मी." डॉक्टरांनी त्यांना जमिनीवर बसायची बंदी केली होती, हे मला ठाऊक होतं. मी पलंग पुढे ओढला. "बाजूला करा तो," म्हणाल्या. भिंतीला धरून, दात आवळून खाली बसल्या. एक गुडघा दुमडलाच नाही, पाय लांब ठेवून बसल्या.

माझं स्टीलचं ताट घेतलं. त्यात डब्यातला वरणभात वाढला. मांजर पलंगाच्या जागी तशीच पडून होती, उघडी पडली म्हणून अंग चोरून. बाईंनी उजव्या तळहातात पाणी घेतलं. "बायकांनी करायचं नसतं हे," म्हणाल्या. "पण मांजराला कुठलं शास्त्र?" आणि ताटाभोवती पाणी फिरवलं. थेंब फरशीवर टपटपले.

मांजराचा कान हलला.

बाईंनी पानाबाहेर भाताच्या मुदी ठेवल्या, चिंचोक्याएवढ्या. मी श्वास धरून कोपऱ्यात उभा. मांजर उठली. पडली. पुन्हा उठली, आणि भिंतीच्या कडेनं, अंग घासत, बाईंच्या उजव्या बाजूला येऊन बसली. पण खाल्लं नाही. थांबून राहिली.

बाईंचा आवाज मी नेहमी ऐकत होतो, करवतीसारखा. तो आवाज एकदम खाली आला. "अगं," त्या म्हणाल्या, "घे."

तिनं पहिली मूद खाल्ली.

मी रडायला लागलो तशा बाई म्हणाल्या, "ते नंतर. आता ते आणा."

"काय?"

"ते हो. कोंबडी."

मी उकडलेलं मांस वाटीत आणलं आणि चमच्यानं देऊ लागलो. "चमचा नको. तिला हाताचं लागतं." माझा हात पुढे झाला तर म्हणाल्या, "तुमच्या हाताचं नव्हे. अजून ओळख व्हायची आहे." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, पदर नाकाला लावला, आणि दुसऱ्या हातानं मांसाचा एक धागा उचलला.  तो धागा त्यांनी भातात कुस्करला, मूद केली, पानाबाहेर ठेवली. मांजरानं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग खाल्लं. बाईंनी दुसरी केली. तिसऱ्या मुदीला तिनं तोंड फिरवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "बास. आजचा धडा एवढाच."

ताटातला वरणभात त्यांनी स्वतः खाल्ला नाही. भूक नाही म्हणाल्या. नळाखाली हात धूत राहिल्या, माझा कपड्यांचा साबण घेऊन, पुन्हा पुन्हा. खाली बसल्या तशा उठता मात्र येईना. मी काखेत हात घालून उचललं. संध्याकाळी डबा घ्यायला गेलो तर डब्यातल्या पोळ्यासुद्धा तशाच होत्या. कोंबडीचा वास अजून त्यांच्या हातांतून गेला नसावा. 

त्या नंतरही येत राहिल्या. मी नको म्हणायचो, आणि मनात देवाला म्हणायचो, त्यांनी माझं ऐकू नये. रिक्षाचे पैसे त्या मला देऊ देत नसत. "तुम्ही कोंबडी बघा," म्हणायच्या, "मी रिक्षा बघते. हिशेब सोपा ठेवा." मुदीत रोज भात किंचित कमी, मांस किंचित जास्त. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं 'हळूहळू' म्हणजे काय, ते मला तेव्हा दिसलं. मग एक दिवस मला बसवलं. ताट माझ्यापुढे, पाणी माझ्या हातात. माझ्याकडून पाणी सांडलं, मूद फुटली, आणि बाई म्हणाल्या, "आठवीत गणितात किती मार्क होते हो तुम्हांला?" मांजर थांबली, वाट पाहिली, आणि माझ्या हातचं खाल्लं.

हे इथं संपलं असतं तर मी हसतमुखानं लिहिलं असतं. पण तसं नाही.

मांजर जिवंत आहे. कानातला पिवळेपणा गेला. माना, पाठ, थोडी कलेजी, अंडं, त्यात पावडर, असं तिचं चालतं; माझं आठवड्याचं मटण आणि संध्याकाळचा चहा बंद झाला तेवढ्यात ते भागतं. पण डोळे परत आले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे गेलं ते गेलं. हृदयाचं पुढं बघू. ती माझ्या खोलीत भिंतीच्या कडेनं चालते. कधी एखाद्या दुपारी पाणी फिरवलं तरी येत नाही, आणि मी तिच्या कानात पिवळेपणा शोधत बसतो. मी जेवलो नाही तर ती जेवत नाही, म्हणून मला भूक असो नसो, ताट घेऊन बसावंच लागतं. तापात बसलोय. मेसच्या मालकानं फोनवर डबे मागवणाऱ्यांमुळे धंदा बसला म्हणून सांगितलं त्या दिवशीही बसलो. आई म्हणते, परत ये. येऊ कसा? हिला घेऊन एवढा रेल्वेचा प्रवास? आणि हिला सोडून?

आणि बाई. माझ्याकडच्या शेवटच्या फेरीनंतर घरी पोचल्या, जिना चढल्या आणि गुडघा जो सुजला तो सुजलाच. त्या आता खाली उतरत नाहीत. दार उघडायला यायलासुद्धा वेळ लागतो. बेल वाजवून मी बाहेर उभा राहतो आणि आतून काठीचा आवाज हळूहळू जवळ येतो. मी एकदा म्हणालो, "बाई, माझ्यामुळे झालं." तर म्हणाल्या, "तुमच्यामुळे? स्वतःला फार महत्त्व देता तुम्ही. वयामुळे झालं." मी मान खाली घालून जिना उतरलो. एक जीव वाचवायला दुसऱ्याचा गुडघा गेला, आणि दोन्हीकडे मीच होतो.

बाईंच्या घरी मी डबा ठेवतो तेव्हा पोळ्या गार झालेल्या असतात. मेसमधून निघून त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर होतातच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आजवर, त्यांनीच सांगितलं एकदा, त्यांना कुणी बसवून गरम वाढलेलं नाही. माझ्या हाताला पोळी येते. पण माझी दुपार मांजराच्या पानापाशी अडकलेली आहे, डबे संपले की मला कर्वेनगर गाठायचं असतं. म्हणून आज जमत नाही. उद्याही जमणार नाही.

पण बाई, एक दिवस मी तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहीन आणि तव्यावरची फुगलेली पोळी थेट तुमच्या पानात वाढीन, एकामागून एक, तुम्ही पुरे म्हणेपर्यंत. तुम्ही उठायचं नाही. मीठसुद्धा मागायचं नाही. एवढं तरी मी फेडीन.